कुंडीतला वाफसा

दुपारी दोन-अडीचला गच्चीचे दार उघडले की शेवंतीने मान टाकलेली दिसते, पाने ओल्या फडक्यासारखी लोंबत असतात आणि आपला हात आपोआप मगाकडे जातो. झाड कोमेजले म्हणजे तहानले, तहानले म्हणजे पाणी घाला, हा हिशोब इतका सरळ वाटतो की तो तपासून पाहावा असे कुणाच्या मनात येत नाही. कुंडीतली फुलझाडे मरण्याच्या कारणांत पहिला नंबर द्यायचा झाला तर मी तो या हिशोबालाच देईन. कोमेजलेले पान आपल्याला एवढेच सांगते की वरून जितके पाणी उडते आहे तितके खालून येत नाही. का येत नाही, याबद्दल पान काही बोलत नाही. कुंडी कोरडी पडली असेल. कुंडी काठोकाठ ओली असेल, पण मुळे कुजली असतील. मुळे धड असतील, पण मातीत खताचे क्षार इतके साठले असतील की पाणी आत शिरत नसेल. किंवा खोडातल्या नळ्याच रोगाने तुंबल्या असतील. चारही वेळा झाड बाहेरून सारखेच दिसते आणि मगभर पाण्याचा खरा उपयोग पहिल्याच वेळी होतो. दुसऱ्या वेळी त्याच मगाने झाड जाते. म्हणून मग उचलण्याआधी दोन मिनिटे कुंडीची चौकशी करावी. ती कशी करावी आणि इतका खटाटोप कशासाठी, हे सांगण्यासाठी हा लेख.

झाड दिवसभरात किती पाणी हवेत सोडते याची आपल्याला सहसा कल्पना नसते. इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी १७२४ च्या उन्हाळ्यात ते मोजले, तेही कुंडीतल्याच फुलझाडावर. साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल होते. मातीतून परस्पर उडणारे पाणी हिशोबात येऊ नये म्हणून त्यांनी कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ कुंडीचे वजन केले. दिवसाच्या बारा तासांत त्या एका झाडाने सरासरी २० औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी हवेत सोडले. उबदार, कोरड्या रात्री हाच आकडा ३ औंसांच्या आसपास राहिला. १७२७ मध्ये ‘व्हेजिटेबल स्टॅटिक्स’ या पुस्तकात त्यांनी ही मापे छापली. आपल्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या आहेत. पहिली अशी की दिवस आणि रात्र यांच्या मागणीत इतका फरक असेल, तर झाड कोमेजलेले कधी दिसले याला फार महत्त्व आहे. दुसरी अशी की कुंडीत पाणी किती उरले आहे हे कळायला वजनासारखे साधन नाही आणि ते आपल्या दोन हातांत आहे.

आधी वेळेचे पाहू. भर दुपारी तेरडा, हायड्रेंजिया, शेवंती यांसारखी मऊ आणि रुंद पानांची झाडे माती ओली असतानाही मान टाकतात. मुळे पाणी ओढत असतात, पण पाने ते त्याहून वेगाने उडवत असतात. उन्हे कलली, हवा थोडी निवली की मागणी घटते, पुरवठा तिला गाठतो आणि सहा वाजता झाड पुन्हा ताठ उभे असते. हा आजार नव्हेच. यावर नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा की ‘आम्ही तीन वाजता पाणी घातले आणि सहा वाजता झाड उठले, म्हणजे पाण्यानेच उठले ना?’ उठले हे खरे, पण पाणी घातले नसते तरी ते उठलेच असते. खात्री करायची असेल तर एकाच झाडाच्या, एकाच मापाच्या दोन कुंड्या घ्याव्यात, दोन्हींची माती बोटभर खोल ओली आहे याची खात्री करावी आणि एकीलाच पाणी घालावे. दोन्ही एकदमच सावरली तर तुमच्या मगाचा त्यात हात नव्हता. याउलट सकाळी सातला, रात्रभर विश्रांती मिळाल्यावरही झाड लोंबलेलेच असेल, तर मात्र दुखणे खरे आहे. दुपारचे कोमेजणे पाहून घाबरू नये आणि सकाळचे कोमेजणे पाहून दिवस काढू नये. (फूल मिटणे आणि झाड कोमेजणे या गोष्टीही वेगळ्या आहेत. चिनी गुलाब दुपारनंतर मिटतो, गुलबक्षी संध्याकाळी उमलून सकाळी आवरते घेते, जास्वंदीचे फूल बहुधा एका दिवसाचेच असते. त्यांना तसेच राहू द्यावे.)

आता मूळ मुद्दा. आपल्या शेतकऱ्याकडे एक शब्द आहे, जो शहरातल्या गच्चीवर येताना वाटेत हरवला. तो म्हणजे वाफसा. पाऊस पडून गेला, जास्तीचे पाणी जिरले, माती ओलसर आहे पण पायाला चिकटत नाही, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोकरला तर फुटतो, अशा स्थितीला वाफसा म्हणतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत काही भाग पाणी आणि काही भाग हवा असते, ती ही अवस्था. वाफसा आल्याशिवाय शेतकरी पेरत नाही. मुळांनाही तोच लागतो, कारण पाणी ओढायला मुळांना शक्ती लागते आणि त्या शक्तीसाठी त्यांना श्वास घ्यावा लागतो. पाण्यातून प्राणवायू पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारावा भाग असतो. म्हणून कुंडीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे अक्षरशः गुदमरतात. आधी ती पाणी घेणे कमी करतात, मग त्यांची टोके काळी पडतात, मग फायटोफ्थोरा किंवा पिथियमसारखी रोगकारके, जी ओल्या मातीची वाटच पाहत असतात, त्यांचा ताबा घेतात. वर पान मात्र कोमेजते, कारण त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही. पाण्यात उभे राहून झाड तहानेने मरते ते असे. आपण ते कोमेजलेले पान पाहतो आणि आणखी पाणी घालतो.

यावर चांगला आक्षेप आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. मनीप्लांट बाटलीभर पाण्यात वर्षानुवर्षे वाढतो, भात तर गुडघाभर चिखलातच पिकतो, मग पाण्याने मुळे कुजतात हे कसे? भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात, पानांकडची हवा त्यांतून थेट खाली पोचते. बाटलीतल्या मनीप्लांटची मुळे पाण्यातच फुटलेली आणि पाण्यालाच सरावलेली असतात, शिवाय आपण ते पाणी बदलत राहतो. मातीत वाढलेल्या मोगऱ्याच्या किंवा गुलाबाच्या मुळांना यातले काहीच मिळालेले नसते. दुसरा आक्षेप पावसाचा आहे. अंगणात जमिनीतला तोच मोगरा जून ते सप्टेंबर भिजतो आणि फुलतो, कुंडीतला का रुसतो? याचे उत्तर कुंडीच्या तळाशी आहे आणि ते कळावे म्हणून स्वयंपाकघरातून भांडी घासायचा एक चौकोनी स्पंज आणावा लागेल.

स्पंज पाण्यात पुरता बुडवून काढा आणि आडवा, तळहातावर ठेवल्यासारखा धरा. थोडे पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा. पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. कुठल्याही सच्छिद्र वस्तूच्या तळाशी एक थर पाण्याने गच्च भरून राहतो, गुरुत्वाकर्षण तो काढू शकत नाही. आणि त्या थराची जाडी भांड्याच्या उंचीवर अवलंबून नसते, माती किती बारीक कणांची आहे त्यावर ठरते. जमिनीत खाली मातीच माती असते, ती पाणी खाली ओढत नेते. कुंडीत माती सहा-आठ इंचांवर एकदम संपते आणि तो गच्च थर नेमका मुळांच्या गावात बसतो. म्हणूनच उथळ, पसरट कुंडी उंच कुंडीपेक्षा जास्त काळ ओली राहते, हे विकत घेताना लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच स्पंजाने आणखी एक जुनी समजूत उतरते. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, खडी किंवा नारळाच्या शेंड्यांचा जाड थर घातला की निचरा सुधारतो असे रोपवाटिकेतही सांगतात. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही. ते मातीतच अडून राहते. तुम्ही तळाला दोन इंच विटा घातल्यात तर गच्च थर नाहीसा होत नाही, दोन इंच वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. ‘पण पिढ्यान्‌पिढ्या असेच करत आलो’, हे म्हणणे खोटे नाही. जुन्या कुंड्या मातीच्या होत्या, भिंतींतूनही श्वास घ्यायच्या आणि त्यामुळे ही चूक पचून जायची. प्लॅस्टिकच्या कुंडीत ती पचत नाही. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर एक खापरी पालथी ठेवली किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाकला की पुरे. निचरा सुधारायचा असेल तर मातीच सुधारावी लागते. निव्वळ लाल माती भरू नये. तिच्यात जाडसर वाळू, पुरते कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडे कोकोपीट असे मिसळावे की मूठ आवळून सोडल्यावर गोळा सहज फुटेल. फुटला नाही, तर मिश्रण अजून चिकण आहे.

सोसायट्यांत निचऱ्याला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे खालच्या मजल्यावरचा शेजारी. पाणी खाली गळते म्हणून कुरबूर होते, मग प्रत्येक कुंडीखाली ताटली येते, कधी भोकच बुजवले जाते. ताटली ठेवायला हरकत नाही, पण पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करायची. तिच्यात साठलेले पाणी कुंडीच्या तळातून पुन्हा वर शोषले जाते आणि मुळे डबक्यात बसतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, हे कारण शेजाऱ्यांना चटकन पटते.

मग ओले की कोरडे हे ओळखायचे कसे? वरची माती पाहून नव्हे. वरचा अर्धा इंच उन्हाने तासाभरात पांढरा पडतो आणि खाली चिखल असू शकतो. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावी. मोठ्या कुंडीत बोट अपुरे पडते, तिथे न रंगवलेली बांबूची काडी तळापर्यंत खोचून पाच मिनिटांनी काढावी. काडी ओलसर, काळपट आणि माती चिकटलेली निघाली तर मग खाली ठेवा. कुंडी उचलता येण्याजोगी असेल तर पाणी घातल्यावर एकदा आणि पुरती कोरडी असताना एकदा उचलून ते वजन हाताला शिकवून ठेवावे. आठवडाभरात हात न चुकता सांगू लागतो. हेल्स यांनी तराजूवर केले तेच हे. बाजारात दोन सुया असलेली ओलावा दाखवणारी मीटर मिळतात. त्यांतली स्वस्त मीटर पाण्याबरोबर मातीतल्या क्षारांनाही प्रतिसाद देतात. म्हणून भरपूर खत घातलेली कोरडी कुंडी ती ओली दाखवू शकतात. बोटाला असला गोंधळ होत नाही. पानेही थोडा पुरावा देतात. कोरडेपणाने कोमेजलेली पाने कागदी, कडांना कुरकुरीत होतात. पाण्याने गुदमरलेल्या झाडाची खालची पाने आधी पिवळी पडतात, मऊ आणि जडशी लोंबतात, धक्का लागताच गळतात. माती हुंगा. वाफशातल्या मातीला पहिल्या पावसाचा वास असतो, कुजणाऱ्या मातीला गटाराचा. तरीही शंका उरली तर झाड अलगद कुंडीबाहेर काढून मुळेच पाहावीत. पांढरी मुळी दिसली तर झाड वाचते. तपकिरी, चिकट, ओढले की साल हातात येणारी मुळे दिसली तर खेळ उशिरा सुरू झाला आहे.

काही कुंड्या या चौकशीतही फसवतात, कारण त्या बाहेरून ओल्या आणि आतून कोरड्या असतात. रोपवाटिकेतून काळ्या पिशवीतले रोप आणले की त्याच्या मुळांभोवती लाल, चिकण मातीची घट्ट हुंडी असते. वाहतुकीत ती फुटू नये म्हणून ती मुद्दाम घट्ट केलेली असते. आपण पिशवी फाडतो, हुंडी तशीच मोठ्या कुंडीत ठेवतो आणि भोवती भुसभुशीत, कोकोपीटचे मिश्रण भरतो. पाणी वाट धरते ती मोकळ्या मिश्रणाची. हुंडी एकदा सुकली की विटेसारखी होते, पाणी तिच्या अंगावरून ओघळून भोकातून बाहेर पडते. आपण म्हणतो, ‘रोज खालून पाणी येईपर्यंत घालतो, तरी गुलाब का सुकतो?’ गुलाबाची सगळी मुळे अजून त्या विटेत आहेत, तिथे थेंबही पोचलेला नाही. कोकोपीटही एकदा पुरते वाळले की पाणी झटकून टाकते. माती आकसून कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून दोन सेकंदांत खाली. मग ओतताच भोकातून आलेले पाणी हा निचरा चांगला असल्याचा पुरावा राहत नाही. असे झाले असेल तर कुंडी पाण्याच्या बादलीत काठापर्यंत बुडवून ठेवावी. बुडबुडे येत राहतात, ते थांबले की माती पुरती भिजली. मग काढून निथळू द्यावी. नव्या रोपाच्या बाबतीत लावण्याआधीच हुंडी पाण्यात ठेवून बाहेरची माती बोटांनी थोडी सैल करावी, मुळांची टोके बाहेर दिसू द्यावीत. मुळे दुखावतील ही भीती गैर नाही, म्हणून हे काम भर मे महिन्यात करू नये आणि केल्यावर आठवडाभर रोप सावलीत ठेवावे. पण हुंडी अखंड ठेवल्याने वाचलेल्या रोपांपेक्षा तिच्यात कोंडून सुकलेली रोपे जास्त असतात, असे माझे मत आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. जमिनीतली मुळे गार असतात, कुंडीतली नसतात. पश्चिमेच्या बाल्कनीत काळी प्लॅस्टिकची कुंडी दुपारभर तापली की तिच्या भिंतीलगतची माती हात लावू देत नाही आणि कोवळी मुळे नेमकी तिथेच असतात. माती ४० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेली की बहुतेक फुलझाडांची मुळे काम टाकतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांवर जाते, तिथे कुंडीची काय कथा. माती ओली, मुळे निरोगी, तरी झाड कोमेजलेले, असे कोडे पडले तर कुंडीच्या उन्हाकडच्या अंगाला हात लावून पाहा. उपाय साधे आहेत. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, बाहेरच्या रांगेला पांढरे कापड किंवा गोणपाट गुंडाळावे, एक कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधे हवा राहू द्यावी, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. दुपारी पाणी घातले की पानांवरच्या थेंबांतून भिंगासारखे ऊन पडून झाड भाजते, हा लौकिक समज फारसा खरा नाही. दुपारी भीती असते ती गच्चीवरच्या काळ्या टाकीतल्या आणि उन्हात पडलेल्या पाइपातल्या पाण्याची, ते पहिली काही मिनिटे चहा करण्याजोगे असते. ते आधी बादलीत सोडावे. कुंडी खरोखर कोरडी असेल तर दुपारी एकलाही गार पाणी जरूर घालावे, संध्याकाळची वाट पाहत झाड ताटकळत ठेवू नये. आणि ऑक्टोबर हीट विसरू नका. चार महिने आयत्या पाण्यावर मऊ वाढलेली पाने, भिजून अर्धी झालेली मुळे, आणि अचानक कडकडीत ऊन. मे महिन्यात टिकलेले झाड ऑक्टोबरात का गेले, याचे कारण बरेचदा जुलैतल्या मातीत सापडते.

कोमेजलेल्या झाडाला पाण्याच्या खालोखाल मिळणारी गोष्ट म्हणजे खत. अशक्त माणसाला टॉनिक द्यावे तशी ही कल्पना आहे आणि ती घातक आहे. पाणी मुळांत शिरते ते बाहेरच्या मातीपेक्षा आत विरघळलेले क्षार जास्त असतात म्हणून. बाहेर युरिया, डीएपी किंवा १९:१९:१९ ची मूठ पडली की पारडे उलटे फिरते, लोणच्याच्या कैरीला मीठ लावल्यावर तिचे पाणी सुटते तसे. पानांच्या कडा करपणे, कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पुटे चढणे, या त्याच्या खुणा. बोअरवेलच्या जड पाण्यानेही ती पुटे येतात. न कुजलेले शेण किंवा शेंगदाण्याची पेंड थेट मातीत घातली तर ती तिथेच तापते, कुजते आणि प्राणवायू खाते, तेव्हा ‘सेंद्रिय आहे, त्याने काय होणार’ हे म्हणणे इथे चालत नाही. निचरा चांगला असेल तर कुंडीच्या मापाच्या दुप्पट-तिप्पट साधे पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढावेत आणि पुढे महिनाभर खताचे नाव काढू नये. धडधाकट झाडालाही विद्राव्य खत लिटरला एक-दोन ग्रॅम पुरे होते, आणि तेही ओल्या मातीत.

एवढे करूनही माती वाफशात, हवा सौम्य, खत नाही, आणि झाड एका-दोन दिवसांत हिरवेच्या हिरवे कोसळले, तर संशय मर रोगाचा किंवा मातीतल्या किड्याचा. झाड हलकेच ओढा. अलगद हातात आले आणि मुळे कुरतडलेली दिसली तर शेणखताबरोबर आलेली पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली हुमणी कुंडीत असणार. माती पसरून ती वेचावी, कुंडीच्या मानाने तेवढे पुरते. मुळांवर गाठीच गाठी असतील तर ते सूत्रकृमी, तेरड्यावर आणि टोमॅटोवर ते हमखास असतात. मुळे स्वच्छ असतील तर जमिनीलगत खोडाचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या निवळ पाण्यात त्याचे टोक बुडवावे. काही मिनिटांत दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला तर ती जिवाणूजन्य मर आहे. टोमॅटो, वांगी, मिरची, डेलिया यांना ती गाठते आणि तिच्यावर घरगुती इलाज नाही. झाड मातीसकट टाकावे आणि कात्री स्पिरिटने पुसावी. सुपीक वाटते म्हणून ती माती शेजारच्या कुंडीत घालायचा मोह फार होतो, तो आवरावा.

गुदमरलेले झाड मात्र लवकर ध्यानात आले तर वाचवता येते. कुंडीतून काढून ओला गोळा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला की कागद बरेच पाणी ओढून घेतो, कागद दोनदा बदलावा. काळी, मऊ मुळे धुतलेल्या कात्रीने कापावीत. मुळे जितकी कमी झाली त्या प्रमाणात वरचा पालाही छाटावा. कळ्या आणि फुले आधी काढावीत, इथेच जीव वर-खाली होतो. मग ताजे, मोकळे मिश्रण, मुळांच्या मापाचीच कुंडी, सावली, आणि पाणी फक्त काडीने मागितले तरच. लहान मुळांना मोठी कुंडी देऊ नये, कारण न वापरलेली माती ओलीच राहते. नवी पालवी दिसेपर्यंत खत नाही. या सगळ्यात सर्वांत अवघड जाते ते हात आवरणे. म्हणूनच घरोघरची तुळस पावसाळ्यात जाते. रोज सकाळी तांब्याभर पाणी, आभाळातूनही पाणी, आणि मंजिऱ्यांचा भार वेगळाच. पूजा चुकवायला कुणी सांगत नाही. पण देवघरात पळी असतेच, पावसाचे चार महिने तुळशीला पळीभर पाणी घातले तर पूजाही होते आणि तुळसही राहते. गावाला जाताना शेजाऱ्यांना किंवा कामाच्या मावशींना ‘झाडांना रोज पाणी घाला’ असे सांगून जाऊ नये. कुठल्या कुंडीची माती बोटाला कोरडी लागली तरच घालायचे, हे एकदा करून दाखवावे.

काही झाडे मात्र जातातच. जानेवारीत आणलेला पिटुनिया एप्रिलमध्ये झुकला तर त्याचा हंगाम संपला, तुमचा हात वाईट नाही. सदाफुली सतत पावसात फायटोफ्थोराला बळी पडते, तिला जूनच्या आधीच छज्ज्याखाली घ्यावे. मेलेले झाड उपटून कुंडी तशीच कोपऱ्यात ढकलण्याऐवजी ती जुन्या चादरीवर उलटी करा आणि मातीचा गोळा मधोमध फोडून पाहा. मधली हुंडी कोरडी आणि भोवती ओल आहे का, तळाशी निळसर-काळा दुर्गंधी थर आहे का, मुळे कुंडीच्या आकारात गोल गोल फिरून माती उरलीच नाही का, ते तिथे स्वच्छ दिसते. तशा गुंतलेल्या मुळांच्या कुंडीत सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत संपते, तिला पुढच्या खेपेला दोन इंच मोठे घर लागेल. मर रोगाची नसेल तर ती माती टाकू नका. एप्रिल-मे महिन्यात किंचित ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली पातळ पसरावी आणि चार-सहा आठवडे कडक उन्हात ठेवावी. बुरशी, सूत्रकृमी, हुमणीची अंडी यांतले बरेच काही त्यात संपते. मृगाच्या आधी तिच्यात गांडूळखत मिसळले की तेरड्याचे बी टाकायला ती तयार असते.